दिमित्री लिखाचोव: रशियन संस्कृतीच्या एका इतिहासकाराची कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या रशियन साहित्यावर कुठे बोललो किंवा लिहिलं की नंतर जे निरोप येतात, त्यांतले निम्मे या एकाच माणसाबद्दल असतात. विचारणारे नवे, प्रश्न तेच. मग रात्री अकरा वाजता फोनवर अंगठ्याने टाइप केलेली उत्तरं कधी अर्धवट राहतात, कधी त्यांत चुका होतात. म्हणून एकदा बसून सगळं इथे मांडलंय. एका उत्तरात जे आलं ते दुसऱ्यात परत घातलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. लिखाचोव म्हणजे नेमके कोण? थोडक्यात सांगा.

दिमित्री सेर्गेयेविच लिखाचोव (१९०६–१९९९). अकराव्या ते सतराव्या शतकातल्या रशियाचं साहित्य आणि संस्कृती हा त्यांचा विषय. गाव सेंट पीटर्सबर्ग, म्हणजे मधल्या काळातलं लेनिनग्राद. संस्था पुष्किन भवन, म्हणजे विज्ञान अकादमीची रशियन साहित्याची संशोधनसंस्था. १९३८ मध्ये ते तिथे कनिष्ठ संशोधक म्हणून लागले आणि १९९९ मध्ये वारले तेव्हा तिथल्याच प्राचीन रशियन साहित्य विभागाचे प्रमुख होते. एकसष्ट वर्षं एकच संस्था. पण त्याआधीची दहा वर्षं कुठल्याही संशोधकाच्या बायोडेटात शोभणारी नाहीत: साडेचार वर्षं कैद आणि मग छापखान्यातली, प्रकाशनसंस्थांतली प्रूफं. माझं मत असं की त्यांचं पुढचं सगळं काम याच दहा वर्षांतून निघालं. ते कसं, ते प्रश्न ६ आणि ७ मध्ये.

२. नाव लिखाचेव की लिखाचोव? आणि जन्मतारीख दोन ठिकाणी दोन का दिसते?

लिखाचोव. शेवटच्या स्वरावर दोन टिंबं असतात आणि त्याचा उच्चार ‘यो’सारखा होतो, पण रशियन छपाईत ती टिंबं सर्रास गाळतात. इंग्रजीतून येताना मग ‘लिखाचेव’ होतं. ख्रुश्चोवचं ‘ख्रुश्चेव’ झालं ते असंच.

तारखेचं कोडं सोपं आहे. क्रांतीपूर्वी रशियात जुनी दिनदर्शिका होती, विसाव्या शतकात ती तेरा दिवस मागे चालायची. १५ नोव्हेंबर १९०६ ही जुनी तारीख, २८ नोव्हेंबर ही आजची.

नावाचा आणखी एक घोळ. मॉस्कोचा प्रसिद्ध मोटार कारखाना ज्यांच्या नावाने होता ते इवान लिखाचोव वेगळे. जुन्या कागदपत्रांचे आणि मोहरांचे थोर संग्राहक निकोलाय पेत्रोविच लिखाचोव हेही वेगळे. हे दुसरे मात्र अधिक गोंधळात पाडतात, कारण तेही पीटर्सबर्गचे, तेही इतिहासकार आणि तेही अकादमीचे सदस्य.

३. ते इतिहासकार होते की साहित्याचे प्राध्यापक?

नेमणुकीच्या कागदावर साहित्याचे संशोधक. पण लेनिनग्राद विद्यापीठात त्यांनी १९४६ ते १९५३ शिकवलं ते इतिहास विभागात, आणि शिकवलं काय, तर वृत्तांतग्रंथांचा इतिहास, जुनी लिपी वाचण्याचं शास्त्र आणि प्राचीन रशियाच्या संस्कृतीचा इतिहास.

खरं तर त्या काळाचा अभ्यास करताना ही वाटणी टिकतच नाही. बाराव्या शतकातला साधू मठात बसून राजांची भांडणं, धूमकेतू, दुष्काळ आणि संतांची चरित्रं एकाच पोथीत उतरवतो. ती पोथी इतिहासाच्या कपाटात ठेवायची की साहित्याच्या? लिखाचोव म्हणत, आधी ती कोणी, कधी, कोणासाठी आणि कशावरून उतरवली ते बघू. म्हणून त्यांना ‘संस्कृतीचे इतिहासकार’ म्हणणं मला सगळ्यांत कमी चुकीचं वाटतं.

४. शिक्षण कुठे झालं?

वडील विद्युत अभियंता, आई व्यापारी घराण्यातली. १९२३ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी लेनिनग्राद विद्यापीठात प्रवेश. तिथे त्यांनी एकाच वेळी दोन शाखा घेतल्या, एक पश्चिम युरोपीय भाषांची आणि एक स्लाव-रशियन. शेवटी प्रबंधही दोन लिहिले: एक अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रशियात शेक्सपिअर कसा पोचला त्यावर, दुसरा सतराव्या शतकातल्या धर्मगुरू निकोनबद्दलच्या कथांवर. दोन्ही पुरे झाले आणि ८ फेब्रुवारी १९२८ ला अटक झाली.

५. जुन्या शुद्धलेखनाची बाजू घेतली म्हणून तुरुंगात टाकलं, ही दंतकथा ना?

दंतकथा नाही. विद्यार्थ्यांचं एक थट्टेखोर मंडळ होतं, नाव ‘वैश्विक विज्ञान अकादमी’. प्रत्येकाला तिथे एकेक काल्पनिक ‘अध्यासन’. लिखाचोवांनी जुन्या वर्णलेखनाचे फायदे सांगणारा अर्धा विनोदी, अर्धा गंभीर निबंध वाचला. १९१८ मध्ये नव्या सरकारने काही अक्षरं लिपीतून काढून टाकली होती. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले तेव्हा जुन्या मंडळींनी केवढा त्रागा केला ते आठवा. फरक इतकाच की आपल्याकडे त्रागा करणाऱ्याला कोणी बेटावर पाठवलं नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनी कोणीतरी पोपच्या नावाने अभिनंदनाची तार ठोकली. तीही गंमतच. पण १९२८ मध्ये गुप्त पोलिसांची विनोदबुद्धी आटली होती. प्रतिक्रांतीचा आरोप, पाच वर्षांची शिक्षा आणि त्याच वर्षाच्या शेवटी पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्की बेटांवर रवानगी. शतकानुशतकांचा मठ होता तिथे, त्याची छावणी केलेली.

६. पहिला शोधनिबंध पत्त्यांच्या जुगारावर होता, खरं का?

खरं. ‘गुन्हेगारांचे पत्त्यांचे खेळ’, १९३०, छावणीतच छापल्या जाणाऱ्या ‘सोलोव्की बेटे’ या नियतकालिकात.

ही गंमत म्हणून सांगितली जाते, पण मला ती त्यांच्या कारकिर्दीची खरी पहिली पायरी वाटते. छावणीत ‘गुन्हेशास्त्र कक्ष’ नावाची एक कचेरी होती आणि लिखाचोवांना तिथे काम मिळालं. काम असं, की बराकींतून फिरायचं, अनाथ-भटकी पोरं शोधायची, त्यांच्याशी बोलून माहिती लिहायची, म्हणजे त्यांना मुलांच्या वसाहतीत हलवता येईल. फिरताना या तरुणाचे कान उघडे होते. चोर आपसात कसं बोलतात, कुठल्या शब्दाला घाबरतात, खेळात कोणते विधी पाळतात, हे तो टिपत होता. १९३५ मध्ये त्याच टिपणांतून चोरांच्या बोलीवर एक गंभीर भाषिक निबंध झाला. त्यातला मुद्दा असा, की या जगात शब्द माहिती देत नाही, तो खूण असतो, हुकूम असतो, जवळपास मंत्रच.

पुढे मध्ययुगीन लेखकांबद्दल त्यांनी ‘साहित्यिक शिष्टाचार’ ही कल्पना मांडली: राजाबद्दल लिहायचं तर असेच शब्द, लढाईचं वर्णन याच ठशाने, संताचा जन्म याच पायऱ्यांनी. ती वाचताना मला नेहमी ती बराक आठवते. ठराविक शब्द ठराविक जागी का लागतो, हा प्रश्न त्यांना पोथ्यांच्या आधी तिथे भेटला होता.

७. सुटका झाल्यावर लगेच संशोधनात आले का?

नाही. १९३१ मध्ये त्यांना पांढरा समुद्र–बाल्टिक कालव्याच्या बांधकामावर हलवलं, आणि ऑगस्ट १९३२ मध्ये ‘उत्कृष्ट कामगार’ म्हणून मुदतीआधी सोडलं. लेनिनग्रादला परत आल्यावर संपादनाची, प्रूफं तपासण्याची कामं मिळतील तशी केली आणि १९३४ पासून ते विज्ञान अकादमीच्या प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक झाले. तिथेच सहकारी झिनाइदा माकारोवा भेटली, १९३५ मध्ये लग्न झालं.

आता ज्याच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा, ते. त्यांच्या टेबलावर एक हस्तलिखित आलं. अलेक्सेई शाखमातोव हे रशियन वृत्तांतग्रंथांचे सर्वांत मोठे अभ्यासक, १९२० मध्येच वारलेले. त्यांचं अप्रकाशित राहिलेलं पुस्तक छापायचं होतं, चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या वृत्तांतसंग्रहांचा आढावा घेणारं. असं पुस्तक तपासायचं म्हणजे नुसती काना-मात्रा बघून भागत नाही. एक वाक्य या पोथीत असं, त्या पोथीत तसं, तिसरीत गायबच, आणि लेखक सांगतो की यावरून मधली एक हरवलेली पोथी सिद्ध होते. हे प्रत्येक ठिकाणी पडताळून बघायचं. लिखाचोव ते करता करता विषयात पुरते अडकले. पुस्तक १९३८ मध्ये निघालं आणि त्याच वर्षी ते पुष्किन भवनात गेले. तिथल्या वार्वारा आद्रियानोवा-पेरेत्स यांनी त्यांना विभागात ओढलं. आयुष्यभर त्यांच्याबद्दल ते गुरूबद्दल बोलावं तसं बोलत.

ज्यांनी कधी प्रूफं तपासलीत त्यांना हे पटेल. चूक दिसली की खरा मुद्रितशोधक आधी विचारतो, ही झाली कशी? नजर घसरून ओळ सुटली, की लेखकानेच मुद्दाम बदललं? लिखाचोवांचं सगळं पाठशास्त्र (प्रश्न १२) म्हणजे हाच प्रश्न शंभर पोथ्यांना विचारणं.

८. शिक्षा झालेल्या माणसाला अकादमीत नोकरी मिळालीच कशी?

शिक्षेचा डाग १९३६ मध्ये पुसला गेला. अकादमीचे अध्यक्ष, वयोवृद्ध भूगर्भशास्त्रज्ञ कारपिन्स्की यांनी रदबदली केली. त्यामागे झिनाइदांची धडपड होती. हा कागद नसता तर लेनिनग्रादमध्ये राहणंही कठीण होतं. आणि पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, स्टालिनचं जे मोठं दमनसत्र सुरू झालं त्यात जुन्या कैद्यांचं काय होत होतं ते सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी त्यांना जुळ्या मुली झाल्या, वेरा आणि ल्युदमिला.

९. काही ठिकाणी डॉक्टरेट १९४१, काही ठिकाणी १९४७ दिलीय. बरोबर कोणती?

दोन्ही पदव्या खऱ्या, पण वेगळ्या. सोव्हिएत पद्धतीत आधी ‘कांदिदात’, मग ‘डॉक्टर’. आपल्या पीएचडीच्या जवळची पदवी कांदिदात. डॉक्टर ही त्यावरची, बरीच वर्षं काम केल्यावर मिळणारी, आणि पुष्कळांना कधीच न मिळणारी. लिखाचोव ११ जून १९४१ ला कांदिदात झाले, बाराव्या शतकातल्या नोवगोरोदच्या वृत्तांतसंग्रहांवर. त्यानंतर अकराव्या दिवशी जर्मनीने हल्ला केला. डॉक्टरेट १९४७ ची, वृत्तांतलेखनाच्या साहित्यिक रूपांवर, अकराव्या ते सोळाव्या शतकापर्यंत.

अकादमीच्या सदस्यत्वातही असाच घोळ होतो. १९५३ मध्ये ते पत्रव्यवहारी सदस्य झाले, पूर्ण सदस्य १९७० मध्ये. मधली सतरा वर्षं त्यांना ‘अकादमिक’ म्हणणं नियमाने चूक, पण अनेक लेखांत तसं छापलेलं सापडेल.

१०. लेनिनग्रादच्या वेढ्यात ते शहरातच होते का?

होते, जून १९४२ पर्यंत. त्यांच्या आठवणींत सुतारी सरसाचा उल्लेख येतो. तो शिजवून, थिजवून त्याच्या वड्या घरात खाल्ल्या जात. वडील मार्च १९४२ मध्ये वारले. पुष्किन भवनातले सहकारी एकेक करून गेले.

या थंडी-उपासमारीत त्यांना एक पुस्तक लिहायला सांगण्यात आलं, ‘प्राचीन रशियन शहरांचं संरक्षण’. मारिया तिखानोवा यांच्यासोबत त्यांनी ते लिहिलं आणि १९४२ मध्येच ते छापून निघालं. विषय सरकारी, हेतू प्रचाराचा. पण वेढ्यात बसून वेढ्यांबद्दल लिहिताना जुन्या पोथ्यांतले शब्द एकदम खरे वाटू लागले, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग लाडोगा सरोवरावरून कुटुंबासह बाहेर पडून कझान शहरात.

११. लेतोपिस म्हणजे आपली बखर का?

जवळ जाते, पण तीच नाही. लेतोपिस म्हणजे वर ज्याला वृत्तांतग्रंथ म्हटलं तो, वर्षावर्षाने लिहिलेला वृत्तांत: ‘अमुक साली’ असं म्हणून त्या वर्षी जे घडलं ते. बखर बहुतेक एका घराण्याची किंवा एका प्रसंगाची कथा सांगते, तिला सूत्र असतं. लेतोपिस म्हणजे गोधडी. आधीचा वृत्तांत घ्यायचा, त्यात दुसऱ्या शहराचा जोडायचा, मध्ये एखादं संतचरित्र, एखादा तह, एखादं प्रवासवर्णन आख्खंच्या आख्खं शिवायचं, आणि आपल्या राजाला न रुचणारा तुकडा हळूच उसवायचा. टाके ओळखणं हे शाखमातोवांचं कौशल्य. लिखाचोवांनी विचारलं की शिवणाऱ्याला कसली गोधडी हवी होती.

१२. त्यांचं पाठशास्त्र भांडारकर संस्थेच्या महाभारतापेक्षा वेगळं कसं?

हा प्रश्न पुण्याहून हमखास येतो, आणि चांगला आहे. १९१९ ते १९६६ या काळात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. त्यातली दिशा अशी, की शेकडो हस्तलिखितं तुलनेला घ्यायची आणि त्यांवरून जाता येईल तितक्या जुन्या पाठापर्यंत मागे जायचं. नंतरची भर तळटीपांत आणि परिशिष्टांत जाते.

लिखाचोवांचा भर उलट्या बाजूला. १९६२ च्या ‘पाठशास्त्र’ या जाडजूड ग्रंथात ते म्हणतात की मूळ पाठ हाती लागला तर उत्तम, पण काम तिथे संपत नाही. पाठाचा सगळा प्रवास हाच अभ्यासाचा विषय. नकलाकार चुका करणारं यंत्र नव्हता, विचार करणारा माणूस होता. त्याने का बदललं हे कळेपर्यंत बदलाला ‘भ्रष्ट पाठ’ म्हणू नका. एकाच पोथीत आजूबाजूला आणखी काय उतरवलंय तेही बघा, सुटा पाठ उचलू नका.

ज्ञानेश्वरीचं उदाहरण घ्या. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा. लिखाचोवांच्या पद्धतीने बघणारा माणूस एकनाथांना नमस्कार करील आणि मग ती नरोटीही काळजीपूर्वक उचलून ठेवील. कोणी ठेवली, कुठल्या फडावर, कशासाठी? तीही पुरावाच.

१३. छावणीत काढलेल्या माणसाला स्टालिन पारितोषिक? हे कसं काय?

१९५२ मध्ये, ‘प्राचीन रशियाच्या संस्कृतीचा इतिहास’ या सामूहिक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडासाठी. पारितोषिक ग्रंथाला होतं, आणि लेखकांत ते होते. त्या व्यवस्थेत एकाच माणसाच्या फायलीत शिक्षा आणि सन्मान दोन्ही असणं अजिबात दुर्मीळ नव्हतं. त्यातून ‘शेवटी सरकारला त्यांची किंमत कळली’ असा अर्थ काढू नये. ‘म्हणजे ते विकले गेले’ असाही नाही. १९५४ पासून विभागप्रमुखपद आलं, १९६७ च्या ‘प्राचीन रशियन साहित्याचं काव्यशास्त्र’ या पुस्तकाला १९६९ मध्ये राज्य पारितोषिक मिळालं, १९६७ मध्येच ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट. पुढचं प्रश्न १५ मध्ये.

१४. झिमिन प्रकरण काय होतं? त्यात लिखाचोवांची बाजू योग्य होती का?

सगळ्यांत अवघड प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

‘ईगोरच्या स्वारीची गाथा’ हे बाराव्या शतकातलं काव्य रशियन साहित्याचा मुकुटमणी मानलं जातं. पण त्याची एकुलती एक हस्तलिखित प्रत १८१२ मध्ये मॉस्कोच्या आगीत जळाली. उरली ती १८०० ची छापील आवृत्ती आणि काही नकला. साहजिकच शंका आली: हे खरंच जुनं आहे, की अठराव्या शतकात कोणी बेमालूम रचलं? १९६३ मध्ये मॉस्कोचे इतिहासकार अलेक्सांद्र झिमिन यांनी पुष्किन भवनातच व्याख्यान दिलं. ही रचना अठराव्या शतकातली, रचणारा बहुधा इओइल बिकोव्स्की हा यारोस्लावलचा मठाधिपती, असं त्यांनी मांडलं. लिखाचोव त्या दिवशी हजर नव्हते. पण गाथेच्या अस्सलपणाचे सर्वांत मोठे वकील तेच होते.

मे १९६४ मध्ये मॉस्कोत बंद दाराआड चर्चा झाली. झिमिनचा ग्रंथ फक्त १०१ प्रतींत छापला, प्रती क्रमांक घालून वाटल्या आणि चर्चेनंतर परत मागितल्या. पुस्तक म्हणून तो निघाला २००६ मध्ये. झिमिन १९८० मध्येच गेले होते.

आता माझं मत. शास्त्रीय बाजूने मला लिखाचोव बरोबर वाटतात. २००४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ आंद्रेई झालिझ्न्याक यांनी दाखवलं की गाथेच्या व्याकरणात इतक्या बारीक जुन्या खुणा आहेत, की अठराव्या शतकातल्या नकली लेखकाला त्या जुळवायला पुढच्या दोनशे वर्षांचं भाषाशास्त्र आधीच यायला हवं होतं. पण वाद जिंकण्याची रीत वाईट होती. बंदी वरून आली, ती लिखाचोवांनी घातली नाही. तरी त्यांच्या बाजूचे लोक छापत राहिले आणि समोरच्याला आपला ग्रंथ छापता येत नव्हता. पाठाला प्रत्येक साक्षीदार हवा म्हणणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत एका साक्षीदाराला चाळीस वर्षं बाहेर उभं केलं गेलं. त्यांच्या चाहत्यांना हे वाचायला आवडत नाही. मीही चाहताच आहे.

१५. ते सरकारविरोधी होते का?

रूढ अर्थाने बंडखोर नाही. पत्रकं काढली नाहीत, देश सोडला नाही. पण नाही म्हणायचं तिथे नाही म्हटलं. १९७५ मध्ये सरकारविरोधी भौतिकशास्त्रज्ञ सखारोव यांच्या निषेधाच्या पत्रावर अकादमीच्या सदस्यांच्या सह्या घेतल्या गेल्या, लिखाचोवांनी केली नाही. त्याच सुमारास घराच्या जिन्यात त्यांच्यावर हल्ला झाला, बरगड्या मोडल्या. १९७६ मध्ये घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. छावण्यांवर लिहिणारे लेखक सोलझेनित्सिन यांना सोलोव्कीबद्दल माहिती देणाऱ्यांत ते होते, हेही विसरू नये.

मग काळ फिरला. १९८६ मध्ये सोव्हिएत संस्कृती निधीचे अध्यक्ष, १९८९ मध्ये लोकप्रतिनिधी, टीव्हीवर घरोघरी ओळखीचा चेहरा. ३० सप्टेंबर १९९८ ला नव्याने सुरू झालेल्या संत आंद्रेई सन्मानाचे पहिले मानकरी. बरोबर एक वर्षाने, ३० सप्टेंबर १९९९ ला ते गेले. कबर कोमारोवो गावात.

१६. त्यांच्या संशोधनावर टीका झालीच नाही का? सगळीकडे नुसती स्तुती वाचायला मिळते.

झाली की. दोन मुद्दे प्रमुख. चौदाव्या-पंधराव्या शतकात, चित्रकार रुब्ल्योवच्या काळात, रशियात ‘पूर्व-प्रबोधन’ झालं पण पूर्ण प्रबोधन (रेनेसाँस) आलं नाही, असं ते म्हणत. यावर आक्षेप असा, की इटलीची मोजपट्टी रशियाला का लावायची? आक्षेप मला पटतो.

दुसरा: १९७६ मध्ये त्यांनी पांचेन्को यांच्यासोबत प्राचीन रशियाच्या ‘हास्य-जगा’वर पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी युरी लोत्मान आणि बोरिस उस्पेन्स्की यांनी लिहिलं की ज्याला तुम्ही हास्य म्हणता, त्यातलं बरंचसं त्या काळच्या माणसाला सैतानी वाटत असे, हसू येत नसे. सोळाव्या शतकातला क्रूर झार इवान द टेरिबल याचा ‘विनोद’ ज्यांनी भोगला त्यांना विचारा! हा वाद मोकळ्या मैदानात, छापील पानांवर झाला. वाद असा व्हावा.

१७. महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध?

त्यांचा स्वतःचा थेट नाही. त्यांच्या पोथ्यांचा आहे, आणि चांगला घट्ट.

रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात समुद्रमार्गे चौलला उतरला, आठ दिवस चालून पालीला आणि पुढे घाट चढून जुन्नरला गेला. चौलला लोक या गोऱ्या माणसामागून चालत राहिले. जुन्नर त्याला खडकाच्या बेटावर वसलेलं वाटलं. वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघांनी बरोबरीने चालता येत नाही. पावसाळ्याबद्दल तो लिहितो: चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडा देतो वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडा जाईल आणि हजार मोहरा दंडही बसेल. मुदत चार दिवस. खुरासानच्या एका महंमद नावाच्या माणसाने मध्ये पडून सोडवलं.

निकितिन परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या वह्या मॉस्कोला पोचल्या आणि एका सरकारी कारकुनाच्या हातून लेतोपिसच्या गोधडीत (प्रश्न ११) शिवल्या गेल्या. तसं झालं नसतं तर जुन्नरचा तो चिखल आपल्याला रशियन भाषेत कधीच वाचायला मिळाला नसता. १९४८ मध्ये ‘साहित्यिक स्मारके’ ही विख्यात मालिका सुरू झाली तिचं पहिलं पुस्तक निकितिनचं. लिखाचोव १९७१ पासून त्या मालिकेचे प्रमुख होते. दमित्रियेव यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेल्या प्राचीन साहित्याच्या बारा खंडांतही निकितिन आहे. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, कधी गेलात तर बघून या.

१८. वाचायला कुठून सुरुवात करू? रशियन येत नाही.

इंग्रजीत त्यांच्या आठवणी आहेत, तिथून. रशियन शिकत असाल तर ‘चांगल्या आणि सुंदराविषयी पत्रे’ हे १९८५ चं पुस्तक घ्या. तरुणांसाठी आहे, वाक्यं छोटी आहेत. संशोधक म्हणून त्यांना भेटायचं तर मात्र ते पुस्तक पुरत नाही. रशियातही पुष्कळांना ‘पत्रं’ लिहिणारे प्रेमळ आजोबाच माहीत असतात. ‘प्राचीन रशियाच्या साहित्यातला माणूस’ (१९५८) मधलं एखादं प्रकरण शब्दकोश घेऊन, दिवसाला एक पान असं वाचा. मी तसंच वाचलं, आणि पहिल्या प्रकरणाला पूर्ण पावसाळा गेला.

१९. त्यांच्या आठवणींतले तपशील पुरावा म्हणून वापरता येतील का?

हे एका विद्यार्थिनीने विचारलं, आणि तिचं कारण नेमकं होतं. १९२९ च्या शरद ऋतूत सोलोव्कीवर सामूहिक गोळीबार झाला. लिखाचोव लिहितात की आईवडील भेटीला आलेले असताना त्यांना कळलं, आपल्याला न्यायला माणसं आली होती. ती रात्र त्यांनी लाकडाच्या ढिगाऱ्यांमध्ये लपून काढली, गोळ्यांचे आवाज ऐकत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे तीनशे माणसं मारली गेली, आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच कोणाला नेलं. कागदपत्रांतून पुढे आलेला आकडा याहून बराच लहान आहे.

मग आठवण खोटी ठरते का? मी तिला लिहिलं की दोन्ही आकडे टिपणात ठेव. एका बाजूला छावणीची कागदपत्रं, ती लिहिणाऱ्याला आकडा लहान ठेवण्याची कारणं होती. दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांच्या मुलाने अंधारात मोजलेले आवाज, जे म्हाताऱ्याने कित्येक दशकांनी पुस्तकात उतरवले, १९९५ मध्ये छापले. मध्ये किती वेळा ही गोष्ट त्यांनी सांगितली, कोणाला, कोणत्या काळात? त्या सांगण्यांत काही बदललं का? तिने आता वेगवेगळ्या वर्षांच्या मुलाखती एकाखाली एक लावायला घेतल्यात.